बारावीचा रकाना आणि रुग्णसेवेचे दार

२८ जून १८८३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे एक अर्ज गेला. अर्जदार अठरा वर्षांची, कल्याणात जन्मलेली, नऊवारीत वावरणारी विवाहिता. तिच्यापाशी मॅट्रिकचे प्रमाणपत्र नव्हते. टपाल खात्यातील नवऱ्याच्या बदल्यांबरोबर गावोगाव फिरताना जेवढे शिकता आले तेवढेच तिचे शिक्षण. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करू शकत नाही, हे तिने अर्जात लपवले नाही. आपले प्रकरण अपवादात्मक आहे, ते तसेच समजून घ्यावे, अशी विनंती मात्र तिने केली. पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे आहे, हेही कारण सांगितले. महाविद्यालयाने तो अर्ज स्वीकारला. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी एम.डी. झाल्या.

ही कथा मराठी घरांतून शंभर वेळा सांगितली गेली आहे. ‘हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन’ या आशयाचे श्रीरामपूरच्या सभेतील त्यांचे उद्गार अभिमानाने स्मरले जातात. २०१९ साली चित्रपट आला तेव्हा त्याच घरांतून डोळे पुसले गेले. परंतु या कथेतील एक साधा तपशील सहसा कोणाच्या ध्यानी राहत नाही. आनंदीबाईंना प्रवेश देताना त्या महाविद्यालयाने शालेय प्रमाणपत्राचा आग्रह सोडला, मात्र परीक्षेचा सोडला नाही. तीन वर्षांचा अभ्यासक्रम इतर विद्यार्थिनींना होता तोच त्यांना होता. प्रवेशाचे दार किती उघडायचे आणि पदवीचा कस किती ठेवायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याची जाण त्या विश्वस्तांना होती.

आज महाराष्ट्रात आरोग्यशिक्षणाच्या दाराशी उभी असलेली मुलगी आनंदीबाईंइतकी दूर जाऊ इच्छित नाही. तिला फार तर जिल्ह्याच्या गावी परिचारिका व्हायचे असते. दहावीनंतर घरच्या परिस्थितीने शाळा सुटली, किंवा बारावीला भौतिकशास्त्रात गुण कमी पडले आणि त्याच वर्षी लग्न झाले. पुढे एखाद्या खासगी रुग्णालयात आया म्हणून किंवा गावात ‘आशा’ म्हणून तिने दहा वर्षे काढली. सलाईन संपत आले की ते तिच्या आधी कोणाच्या लक्षात येत नाही. बाळंतिणीच्या चेहऱ्यावरून तिला धोका कळतो. पण परिचर्या महाविद्यालयाचा अर्ज भरायला बसली की बारावीचा रकाना रिकामा राहतो आणि अर्ज तिथेच संपतो.

नियम काय सांगतो हे आधी नीट पाहिले पाहिजे, कारण या विषयात ऐकीव माहितीच अधिक फिरते. साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, म्हणजे ए.एन.एम., हा अभ्यासक्रम पूर्वी दहावीवर करता येत असे. २०१० नंतर त्याला बारावीची अट आली. जी.एन.एम. या तीन वर्षांच्या पदविकेलाही बारावी लागते. बी.एस्सी. नर्सिंगला तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन झालेली बारावी हवी, तीही ठरावीक गुणांनी. औषधनिर्माण पदविकेची गोष्ट तीच. पूर्वी दहावीवर ए.एन.एम. झालेल्या, वीस वर्षे उपकेंद्र सांभाळणाऱ्या भगिनींना जी.एन.एम.ला प्रवेश मिळू शकतो, त्यांना वयाची अटही नाही. परंतु तेथून पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी.कडे जाऊ म्हटले की पुन्हा बारावी विचारली जाते.

बारावीची अट मुळातच चुकीची आहे, असे म्हणणे हे अडाणीपणाचे ठरेल. औषधाची मात्रा काढताना दशांश चिन्ह चुकले तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. शरीरशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र समजायला पायाभूत विज्ञान लागते. शिवाय औषधांची वेष्टने इंग्रजीत असतात. तेव्हा अट काढून टाका, ही मागणी सेवेच्या नावाखाली रुग्णाशी केलेली प्रतारणा होईल. प्रश्न निराळाच आहे. ज्याने अट पूर्ण केलेली नाही त्याला ती पूर्ण करण्याची वाट व्यवस्थेने ठेवली आहे काय, आणि ठेवली असल्यास समाजाने ती त्याला दाखवली आहे काय?

अभियांत्रिकीकडे पाहा. दहावी झालेला मुलगा तंत्रनिकेतनात जातो, तीन वर्षांची पदविका घेतो आणि पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसतो. त्याला बारावी कोणी विचारत नाही. आय.टी.आय. करणाऱ्यालाही पदविकेची वाट आहे. पूल बांधणाऱ्या अभियंत्याच्या हातातही माणसांचे प्राण असतात, तरी तेथे शिडीची पहिली पायरी दहावीवर ठेवता आली. परिचर्येच्या क्षेत्रात शिडी आहे, पण तिची पहिली पायरी बारावीवर आहे. खाली उभ्या असलेल्यांना वरच्या पायऱ्या दिसतात, इतकेच.

कमी शिकलेल्या स्त्रिया आरोग्याचे अवघड काम करू शकतात काय, याचे उत्तर महाराष्ट्राने जगाला कधीच दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. ३९ गावांतील त्या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो निष्कर्ष छापला आणि पुढे हीच पद्धत देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामात आली. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवून दाखवले. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या सेवासदनाने विधवा आणि परित्यक्तांना परिचर्येकडे वळवले, तेव्हा त्यांच्यापैकी किती जणींपाशी शाळेचा दाखला असेल? क्षमता सिद्ध झालेली आहे. तिला पदवीपर्यंत नेणारा दुवा मात्र कोणी जोडला नाही.

दुवा अगदीच नाही असेही नव्हे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची बारावी हा तो दुवा आहे आणि परिचर्येच्या प्रवेशनियमांत तिला मान्यता आहे. तेथे सर्व विषय एका दमात उत्तीर्ण होण्याचे बंधन नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येते. मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्याला उत्तीर्ण विषयांपैकी जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण तेथे नेता येतात. भौतिकशास्त्राने अडवलेल्या मुलीसाठी ही सोय केवढी मोठी आहे! ए.एन.एम. आणि जी.एन.एम.साठी कला शाखेची बारावीही चालते, इंग्रजी मात्र हवे. कमाल वयोमर्यादा ३५ आहे. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी, पदरी दोन मुले असताना, जिने पुस्तक पुन्हा हाती घेतले तिच्यापाशीही पुरेसा अवधी आहे.

मुक्त विद्यालयाच्या प्रमाणपत्राकडे नाक मुरडण्याची वृत्ती केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांची नाही. तत्कालीन वैद्यक परिषदेने २०१८ च्या आरंभी मुक्त विद्यालयातून आणि खासगीरीत्या बारावी झालेल्यांना ‘नीट’ परीक्षेचे दार बंद केले होते. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आपली भूमिका बदलली आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा वाद मिटला. गरिबीमुळे नियमित शाळेत जाऊ न शकलेल्याला गुणवत्तेची परीक्षाच देऊ द्यायची नाही, हा न्याय कोणत्याही निकषावर टिकणारा नव्हता. तरीही ‘सतरा नंबरचा फॉर्म भरला’ हे वाक्य आपल्या घरांतून अजून कुजबुजत्या स्वरातच उच्चारले जाते.

या संकोचाचा लाभ कोण उठवतो? ‘बारावी नापास? चिंता नको!’ असे फलक लावणारे. एका वर्षात परिचारिका, सहा महिन्यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ, अशी आश्वासने देऊन घरातील मंगळसूत्र मोडायला लावणारे हे दुकानदार जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या बसस्थानकाजवळ भेटतात. संबंधित परिषदेकडे नोंदणीच होऊ शकत नसेल तर त्या प्रमाणपत्राचा उपयोग भिंतीवर टांगण्यापुरता. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने पदविकेलाही किमान दोन हजार तासांचे शिक्षण बंधनकारक केले आहे. एवढी एक संख्या पालकांनी लक्षात ठेवली तरी निम्मी दुकाने बंद पडतील. दूरस्थ पद्धतीने परिचर्या शिकवतो म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये. मुक्त विद्यापीठातून पूर्वतयारी करून कला शाखेची पदवी घेणे हा सन्मानाचा मार्ग आहे, पण त्या पदवीने परिचर्येच्या अर्जातील बारावीचा रकाना भरत नाही. हे आधी सांगितले जात नाही आणि तीन वर्षे वाया गेल्यावर कळते.

आयुर्वेदप्रेमींनाही येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या ‘वैद्य विशारद’ आणि ‘आयुर्वेद रत्न’ या पदव्यांवर शालेय शिक्षण अपुरे असलेल्या अनेकांनी व्यवसाय थाटला. कायद्याने त्या पदव्यांना १९३१ ते १९६७ एवढ्याच काळापुरती मान्यता दिली होती आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. १९६७ नंतर त्या घेतलेल्यांची उमेद आणि प्रतिष्ठा दोन्ही गेली. आपल्या विद्येचा अभिमान असणाऱ्यांनीच तिची प्रमाणपत्रे स्वस्त होऊ देता कामा नयेत. त्या तुलनेत भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने अलीकडे पुढे आणलेली योजना अधिक सरळ आहे: दहावीनंतर प्रवेशपरीक्षा, दोन वर्षांचा पूर्व-आयुर्वेद अभ्यासक्रम आणि पुढे पदवी, असा साडेसात वर्षांचा क्रम. युनानीत अरबी-फारसीच्या पार्श्वभूमीतून येणाऱ्यांसाठी ‘प्री-तिब्ब’ची सोय आधीपासून आहे. म्हणजे पाया तेथेच घालून घेऊन पुढे न्यायचे, हे तत्त्व आपल्या शिक्षणव्यवस्थेला अपरिचित नाही. परिचर्येला ते का लागू होऊ नये?

शासकीय रुग्णालयांना जोडलेल्या परिचर्या विद्यालयांत दहावी झालेल्या अनुभवी सेविकांसाठी दोन वर्षांचा पायाभूत वर्ग काढावा, त्यातच मुक्त विद्यालयाची बारावी करून घ्यावी आणि सेवेच्या वर्षांना प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत काही भार द्यावा. अंतिम परीक्षेत मात्र तसूभरही सवलत नको. मुक्त विद्यालयी संस्था ‘आशां’ना त्यांच्या कामाचे प्रमाणपत्र देते आणि तीच संस्था बारावीही घेते. परंतु परिचर्येच्या प्रवेशाच्या वेळी पहिले प्रमाणपत्र दुसऱ्याच्या जागी चालत नाही. २०२३ मध्ये संसदेने परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आहे. नवे नियम घडताना ही मागणी ठामपणे पुढे गेली पाहिजे.

शासन हलेल तेव्हा हलेल. वस्त्यांतून अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे आजच करण्याजोगे काम आहे. अशा अभ्यासिकांत दहावीची मुले येतात, त्यांना आणून सोडणाऱ्या आया बाहेर ओट्यावर बसून राहतात. त्यांच्यापैकी कितीजणींची बारावी राहिली आहे, याची विचारणा कोणी केली आहे काय? मुक्त विद्यालयाच्या विज्ञान विषयांना प्रात्यक्षिके असतात आणि अभ्यासकेंद्र तालुक्याला नसले तर येथेच घोडे पेंड खाते. गावातील कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा रविवारी कुलपात असते. संस्थाचालक बहुधा परिचयाचेच असतात, आणि निवृत्त विज्ञान शिक्षक तर प्रत्येक आळीत एक तरी सापडतो. इंग्रजीसाठी बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी आठवड्याला दोन संध्याकाळ द्याव्यात. प्रवेशशुल्काची रक्कम एखाद्या कुटुंबाच्या एका वाढदिवसाच्या खर्चाहून अधिक नसते. आणि ज्यांच्या घरी अशी सेविका आजीआजोबांच्या शुश्रूषेला येते, त्यांनी परीक्षेच्या महिन्यात तिला पगारी रजा द्यावी.