रद्दीच्या वजनावर वीस वर्षे

गल्लीतला रद्दीवालासुद्धा भिजवलेला गठ्ठा काट्यावर चढू देत नाही. आमचा अमली पदार्थविरोधी कायदा मात्र विषाच्या पारड्यात खुशाल टिपकागद टाकतो आणि भरेल त्या वजनावर माणसाची वीस वर्षे कापून घेतो!

हे विष म्हणजे एलएसडी. ते १९३८ साली बाझेलच्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमनने बनवले. १९४३ मध्ये त्याने स्वतः अवघे पाव मिलिग्रॅम घेतले आणि सायकलवरून घरी जाता जाता त्याचे जग वाकडेतिकडे झाले. मेंदूतल्या सेरोटोनिनच्या ग्राहींना हे द्रव्य असे चिकटते, की ग्रॅमचा दहा हजारावा भाग माणसाला आठ-दहा तास पुरतो. एवढा डोस चिमटीत सापडत नाही, म्हणून तो कागदाच्या चौकोनात जिरवतात. कागद ही नुसती पुडी!

अमेरिकेतल्या १९९१ च्या चॅपमन खटल्यात हजार डोसांतले एलएसडी होते ५० मिलिग्रॅम. कागदासकट भरले ५.७ ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाने कागद धरला. तोच डोस साखरेच्या खड्यावर टाकला तर शिक्षा आणखी फुगते, हे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी दाखवले, ते वाया गेले. पण दोनच वर्षांत तिथल्या शिक्षा आयोगाने, निदान आपल्या कोष्टकापुरते, कागद सोडून डोसामागे ०.४ मिलिग्रॅम धरायचे ठरवले.

आणि आम्ही? आमच्याकडे एलएसडीची अल्प मात्रा २ मिलिग्रॅम, व्यावसायिक १००. २०२० च्या हिरा सिंग निकालाने भेसळीसकट वजन आणले. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टिपकागदही त्यात घातला. आता चॅपमनच्याच कागदाने हिशेब करा. एक चौकोन ५.७ मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्याच चौकोनाला अल्प मात्रा संपली! अठरा चौकोन झाले, की दहा ते वीस वर्षे आणि जामिनाला कलम ३७ चे कुलूप. उलट ९० मिलिग्रॅम शुद्ध माल, म्हणजे त्याच हिशेबाने अठराशे डोस, खिशात घालून फिरणारा दलाल रेषेच्या अलीकडे निवांत! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणावे, तर गोव्याच्या पार्टीत सापडलेले विशीतले कार्टे संन्यासी नव्हे. त्याचे लाड करा असे आम्ही म्हणत नाही. पण शिक्षा त्याच्या गुन्ह्याची द्या, कागदाच्या जाडीची नको!

त्यासाठी संसदेची वाट पाहण्याचेही कारण नाही. मात्रा ठरतात केंद्राच्या अधिसूचनेने. मंत्रीमहोदय, एका ओळीचे काम आहे: एलएसडीची मात्रा डोसांत लिहा. ती ओळ लिहायला आणखी किती पोरे आत जायला हवीत?