नऊ घरांनी झाकलं नाही

घरात कुणाला मिरगी येत असेल, चालताना कुणाचा तोल जात असेल, तर आपल्याकडे ते आधी झाकलं जातं. आमच्या पिंप्राळ्यात विचारा की भुसावळ-धुळ्यात, कारण एकच सांगतात : मुलींचे रिश्ते अडतील. म्हणून या महिन्यात आम्ही डॉ. नोशीर वाडिया यांच्याविषयी लिहीत आहोत. ते मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर होते. त्यांचं गाजलेलं संशोधन नऊ कुटुंबांमुळे उभं राहिलं. त्या घरांनी आपला आजार डॉक्टरांपासून झाकला नाही.

वाडिया पारशी. जन्म सुरतेचा, १९२५ सालचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, पुढे इंग्लंडला गेले. १९५७ मध्ये परतले आणि जे. जे. रुग्णालयात मेंदूविकारांचं काम उभं केलं. जे. जे. म्हणजे सरकारी दवाखाना; गरिबाची तिथं रीघ. एमआरआय तेव्हा नव्हता. हातात छोटी हातोडी, टॉर्च आणि डॉक्टरांची नजर, एवढ्यावर निदान व्हायचं.

या नजरेला एक गोष्ट दिसली. तोल जाणाऱ्या काही रुग्णांना एका बाजूकडून दुसरीकडे झटकन बघायला सांगितलं, तर त्यांचे डोळे फार हळू सरकत. घरातल्या इतरांनाही तेच. डॉ. स्वामी यांच्यासोबत वाडियांनी अशा नऊ कुटुंबांची माहिती १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडली. या आजाराच्या एका प्रकाराचं जनुक पुढे १९९६ मध्ये सापडलं. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनही तो मुलांत उतरू शकतो. यात ना कुणाची नजर, ना कुणाची बद्दुआ.

त्याच १९७१ मध्ये डोळे येण्याची मोठी साथ होती. बंगालात तिला ‘जय बांगला’ म्हणत. डोळे बरे झाल्यावर काही रुग्णांचे पाय पोलिओसारखे लुळे पडले. या दोन्हींचा संबंध जोडून दाखवणाऱ्यांत वाडिया होते.

त्यांनी अभ्यासलेला आणखी एक आजार आम्हा शिक्षकांनी ओळखायलाच हवा : विल्सनचा आजार. यात शरीरातलं तांबं बाहेर पडत नाही, यकृतात आणि मेंदूत साचतं. चांगलं लिहिणाऱ्या मुलाचं अक्षर बिघडतं, बोलणं अडखळतं, हात थरथरतात, स्वभाव बदलतो. वर्गात त्याला आळशी म्हणतात, घरी ‘असर’ झाला म्हणतात. वेळीच ओळखला तर यावर औषध आहे. ते कायम घ्यावं लागतं. उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो. त्यामुळे चुलत-मामे-खालाच्या नात्यात निकाह होणाऱ्या घरांत त्याची शक्यता वाढते. नात्यातला निकाह हराम नाही, पण घरात असा रुग्ण असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एका मुलाला आजार निघाला, तर त्याच्या भावंडांचीही तपासणी करावी. त्यांच्यात लक्षण दिसत नसलं तरी.

वाडिया पुढे जसलोक रुग्णालयात गेले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १० एप्रिल २०१६ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. डॉक्टर गेले, पण त्यांनी शोधलेली खूण राहिली. आजही तोल जाणाऱ्या रुग्णाचे डोळे कसे फिरतात, हे मेंदूचे डॉक्टर मुद्दाम पाहतात. लोकांना उपयोगी पडणारं इल्म माणसामागे उरतं, असं आपण म्हणतो ते हेच.

ज्यानं आजार दिला त्यानं इलाजही दिला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग दुआ करा, दम करून घ्या, पण त्यासाठी डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका. आणि डॉक्टरांनी ‘घरात आणखी कुणाला असं आहे का?’ असं विचारलं, तर खरं सांगा. ‘कुणालाच नाही’ हे उत्तर घराची इज्जत राखत नाही. पुढच्या पिढीचा इलाज तेवढा मागे ढकलतं.