'ऑनलाइन' दिसणारा माणूस मोकळा असतोच असं नाही

'ऑनलाइन दिसत होतास, मग फोन का उचलला नाहीस?' हा जाब आता आपल्या निपाणी-बेळगाव पट्ट्यात मुकादम विचारतो, पाहुणे विचारतात, मित्रही विचारतात. त्यांचं म्हणणं असं की, आपण मोकळे आहोत की नाही ते फोनलाच दाखवू द्यावं; समोरच्याचा वेळ वाचतो, आणि ज्याला काही लपवायचं नाही त्यानं भ्यायचं कशाला?

मुळात फोन ते दाखवतच नाही. 'ऑनलाइन' म्हणजे त्या क्षणी व्हॉट्सॲप उघडं आहे, एवढंच. कुणी उघडलंय, हे त्यातून कळत नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या घरात फोन एकच असला तर काय होतं बघा. आई पान कापते, तंबाखू भरते, वळून दोरा बांधते. मजुरी हजार विड्यांवर, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. शाळेचा निरोप बघायला फोन मुलीकडं, आणि जगाला दिसतं ते आईचं नाव. राहिला लपवण्याचा मुद्दा. सुट्टी झाल्यावर रात्री अकराला कामगार जागा आहे, हे मालकाला कळायचं कारणच काय?

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि या भागातली कितीतरी पोरं फौजेत आहेत. मुलाचं 'लास्ट सीन' बघून आईला धीर येतो. येतोच. पण तो रेंज नसलेल्या जागी गेला की तीच वेळ गोठून बसते आणि आईचा जीव टांगणीला लागतो. 'चार दिवस फोन लागणार नाही, मी बरा आहे' हा त्याचा निरोप तिला अधिक आधार देतो; त्यात ठिकाणही सांगावं लागत नाही.

अशी रीत आपल्याकडं होतीच. निपाणीचा माणूस कोगनोळी ओलांडून कागलच्या औद्योगिक वसाहतीत गेला की फोन महाराष्ट्राचं नेटवर्क पकडायचा आणि आलेल्या कॉललाही पैसे तुटायचे. म्हणून मिस्ड कॉल ठरलेले असायचे: एक म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू कर. बीएसएनएलनं १५ जून २०१५ पासून रोमिंगमधले येणारे कॉल देशभर मोफत केले, पुढं बाकीच्यांचंही रोमिंग सुटलं आणि ते संकेत मागं पडले. पैशाची तंगी गेली ते उत्तमच झालं. पण आपली खबर कधी द्यायची हे तेव्हा ज्याचं तो ठरवायचा. तो हक्क त्या संकेतांसोबत जायला नको होता.

खुद्द व्हॉट्सॲपची सुरुवातही अशाच कल्पनेतून झाली. २००९ मध्ये यान कूम यांच्या मनात होतं ते इतकंच की संपर्कयादीत नावापुढं ज्यानं त्यानं आपली अवस्था लिहावी: कॉलवर आहे, बॅटरी संपत आली. 'ऑनलाइन' लपवायची सोय मात्र २०२२ मध्ये आली.

ती वापरावी. 'लास्ट सीन' कुणालाच दिसू नये असं ठेवावं, 'ऑनलाइन'ही तसंच. मग दुसऱ्यांचंही आपल्याला दिसत नाही. ही किंमत रास्त आहे. आणि नावाखालच्या 'अबाउट'मध्ये स्वतः लिहावं. लोक म्हणतात, ती ओळ बदलायचं ध्यानात राहत नाही. मग रोजची अवस्था लिहूच नये, शिफ्ट लिहावी: 'या आठवड्यात सेकंड शिफ्ट, सकाळी दहानंतर बोलू.' सोमवारी एकदा बदलली की शनिवारपर्यंत बघायला नको.