बॅग भरण्याआधी

दिवाळी जवळ आली की परदेशातल्या मुलांसाठी घरोघरी फराळाचे डबे भरले जातात. बॅग 23 किलोंच्या आत बसवताना सगळ्यांची तारांबळ उडते. आत काय चाललेय, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

दुबईला निघालेले अनारसेच घ्या. त्यांना लावलेली खसखस संयुक्त अरब अमिरातीत बेकायदा आहे. सुके खोबरे तेलकट, पटकन पेट घेणारे; म्हणून चेक-इनच्या बॅगेत त्याला मज्जाव. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच हवी.

ऑस्ट्रेलियात उतरताना जवळचे खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. लपवले तर जबर दंड.

शिवाय अनेक देशांना पासपोर्टची किमान 6 महिन्यांची मुदत शिल्लक लागते. तिकीट काढण्याआधी ती तारीख एकदा पाहून घ्या.