फळ्याची किल्ली कुणाकडे?



गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांचं बोलणं संपलं, तशी मागे बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, शाळेतल्या त्या टचच्या फळ्यानं लेकरं हुशार व्हत्यात का?" बाकीच्या हसल्या. तिने त्यांना हसू दिलं आणि मग म्हणाली, "आपल्या गटानं पैशे दिल्यात, म्हणून इचारलं."

प्रश्न अगदी रास्त होता आणि मला उत्तर देता आलं नाही. एम.एस.डब्ल्यू.ला असताना निरीक्षण कसं करावं हे आम्हाला शिकवलं होतं. त्याचा उपयोग करावा म्हणून मुख्याध्यापकांची परवानगी काढून मी त्या शाळेत चार-पाच दिवस मागच्या रांगेत बसले. या अंकाचं संपादकीय त्याबद्दलच आहे.

ज्यांनी हा फळा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडंसं. भिंतीवर पांढरा फळा, समोर किंवा वर प्रोजेक्टर, बाजूला संगणक. संगणकावरचं चित्र फळ्यावर पडतं आणि पेनाने किंवा बोटाने ते हलवता, फिरवता, खोडता येतं. आता प्रोजेक्टरशिवाय चालणारे मोठ्या टीव्हीसारखे फळेही येतात. किंमत लाखाच्या घरात. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा 'डिजिटल' व्हायला लागल्या. ठाणे जिल्ह्यातली शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची शाळा तर त्याआधीच गाजली होती. बराचसा पैसा लोकवर्गणीतून आला. म्हणजे सरकारने करायचं ते गावाने केलं. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

तर वर्ग सहावीचा, तास गणिताचा. फळ्यावरचं नीट दिसावं म्हणून खिडक्या लावलेल्या, वर पत्रा. मध्येच कुणाचा तरी प्रोजेक्टरला धक्का लागला. मग पेन टेकवावं एकीकडे आणि रेघ उमटावी दुसरीकडे! सरांनी तो पुन्हा जुळवून घेतला, त्यात दहा मिनिटं गेली. पण पुढे अपूर्णांक आले आणि मला मान्य करावं लागेल, ते छान होतं. भाकरीचे चार तुकडे होतात, त्यातले तीन उचलून दुसऱ्या भाकरीवर ठेवता येतात. मला हे असं कुणी दाखवलं असतं तर माझी अपूर्णांकांची भीती इतकी वर्षं टिकली नसती.

सर म्हणाले, "कोण येतंय?" मुलगे बाकावरून अर्धे उठलेच. "सर मी, सर मी." मुलींचे हात खांद्यापर्यंत वर गेले आणि तिथेच थांबले. मी वहीत दोन रकाने करून, जो फळ्याला हात लावेल त्याच्यासाठी एक उभी रेघ ओढत होते. चार दिवसांनी मुलग्यांच्या रकान्यात रेघांचे जुडगे झाले होते. मुलींच्या रकान्यातल्या रेघा एका नजरेत मोजता येत होत्या. हे काही संशोधन नव्हे. पण सर वाईट नव्हते, मुलींना हिणवतही नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. जो आधी ओरडला त्याला त्यांनी बोलावलं, एवढंच.

माझ्या शेजारी बसलेल्या मुलीच्या वहीत उत्तर केव्हाच लिहून झालेलं होतं, बरोबर होतं. मधल्या सुट्टीत तिला विचारलं, "तू का गेली नाहीस?" ती म्हणाली, "बिघडलं तर?" घरात मोबाइल भावाचा, टीव्हीचा रिमोट वडिलांचा. महागाच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे तिला शाळेत यायच्या आधीच शिकवलेलं होतं. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा फळा कुलपात राहिला आणि अभ्यास मोबाइलवर आला, म्हणजे पुन्हा भावाच्या हातात.

इंग्लंडमध्ये सरकारने हे फळे आपल्या कितीतरी आधी घेतले. लंडनच्या माध्यमिक शाळांना २००३-०४ मध्ये त्यासाठी खास पैसा दिला. लंडन विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने त्याची पाहणी केली. तिचा अहवाल २००७ मध्ये आला. फळ्यामुळे मुलांचे निकाल सुधारल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. शिवाय एकेक मूल फळ्याशी येऊन आपली पाळी घेतं तेव्हा बाकीचा वर्ग कधीकधी नुसता ताटकळतो, असंही दिसलं. तिथल्याच प्राथमिक शाळांवरच्या, २००६ मध्ये छापून आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात फळा असलेल्या तासांचा वेग वाढला होता, पण गटागटाने काम करण्याचा वेळ कमी झाला होता. शिक्षक पुढे, वर्ग समोर, ही जुनी पद्धत नुसत्या यंत्राने बदलत नाही, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष होता. गटात बोलायला शिकलेल्या बायका आपण पाहिल्या आहेत. गटकामाचा वेळ गेला की नेमकं कुणाचं बोलणं जातं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. वरच्या वर्गात किशोरवयातल्या शरीरबदलांचा भाग होता. तयार पाठ फळ्यावर चालू होता. मुलीच्या शरीराचं चित्र येताच मागे खसखस पिकली. सरांनी बटण दाबलं, चित्र गेलं, पुढचं आलं. पुस्तकातलं पान शिक्षकांनी गाळलं तरी ते मुलीच्या दप्तरात असतं. घरी जाऊन, पांघरुणात तोंड घालून का होईना, ती ते वाचते. फळ्यावरचं पान सर दाखवतील तेवढंच.

बटण सरांकडेच का, हेही पाहिलं. त्या शाळेत दोन बाई आहेत. 'तंत्रस्नेही' म्हणून प्रशिक्षणाला गेले ते सर. प्रशिक्षण मुक्कामी होतं आणि बाईंचं मूल लहान होतं. तेव्हापासून खोलीची किल्ली सरांकडे. ते रजेवर असले की फळा बंद आणि बाई खडूने शिकवतात. ("खडूने बरं शिकवतात," असं एक मुलगा मला हळूच म्हणाला.)

दुसऱ्या एका तालुक्यातल्या शाळेत मात्र निराळं पाहिलं. तिथल्या बाई प्रश्न फळ्यावर मांडतात आणि फळा तसाच सोडून देतात. मुलं जोडीजोडीने पाटीवर उत्तर काढतात, भांडतात. मग बाई हजेरीपटातला कुठलाही क्रमांक पुकारतात. ओरडण्याला किंमत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाकडून, मुलीकडून त्यांनी फळ्यावर आपलं नाव लिहून घेतलं आणि खोडून घेतलं. "बिघडत नाही हे कळायला पाहिजे ना," त्या म्हणाल्या. फळा तसलाच, कंपनीही तीच.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणातून 'खडू-फळा' मोहीम आली, तेव्हा काळ्या फळ्याबरोबर आणखी एक गोष्ट लिहिलेली होती. शाळेला किमान दोन शिक्षक आणि त्यातली एक स्त्री. निदान कागदावर तरी, फळ्यापुढे कोण उभं राहणार याचा विचार झाला होता. आताच्या फळ्याबरोबर वायर येते, वॉरंटी येते, असा कागद येत नाही.

पण कायदा आपल्या हातात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणहून कमी पालक चालत नाहीत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात. बऱ्याच गावांत या बायका सहीपुरत्या असतात. त्या बैठकीतल्या बाईही समितीवर आहेत, हे मला नंतर कळलं, आणि त्यांनाही पुरतं ठाऊक नव्हतं!

आता गटाने ठरवलं आहे. पुढच्या समितीच्या बैठकीत चौघी जाणार. त्या विचारणार, खोलीची दुसरी किल्ली बाईंकडे कधी देता, बाईंचं प्रशिक्षण तालुक्यातच, दिवसा कधी ठेवता, आणि विजेचं बिल थकलं आहे ते कोण भरणार. शिवाय महिन्यातून एकदा त्यांच्यातली एक जण वर्गात मागे बसून रेघा ओढणार आहे. लिहिता न येणाऱ्या एकीने बाजूला बसून खडे मोजायचं कबूल केलं आहे.

तुमच्या गावात, वस्तीत असा फळा असेल तर तुम्हीही एक दिवस बसून पाहा आणि काय दिसलं ते आम्हाला पोस्टकार्डावर का होईना कळवा. पुढच्या अंकात दोन पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.

— संपादक गटाच्या वतीने