बांगड्यांना घासाघीस, बिलाला मुजरा!

मंडळी, म्हापशाच्या बाजारात बांगड्यांच्या वाट्यावर दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण गोवेकर इंटरनेटचं बिल मात्र न वाचता भरतो. वर ऐट काय, तर 'आमच्याकडे ३०० एमबीपीएस!' घरात माणसं दोन. पाहायच्या मालिका, आणि रात्री परदेशातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल. एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. दोघांनी वेगवेगळं पाहिलं तरी १०. मग उरलेला वेग कुणासाठी?

जाहिरातीत ९९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७८ रुपये ८२ पैसे. आतल्या खोलीत नेट अडखळतं म्हणून महागडा प्लॅन? अहो, तो दोष चिऱ्याच्या जाड भिंतीचा! लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजा. तिथे ठीक असेल तर राउटर घराच्या मध्यावर आणा आणि प्लॅन उतरवा. ४९९ चा पुरत असेल, तर करासकट वर्षाला ७०८० रुपये वाचतात.

कंपनी स्वतःहून 'कमी घ्या' म्हणणार नाही. विचारायचं आपणच. बाजारात विचारतो तसं!