लहान रेणु, प्रथिन आणि आईवरचा बोल

घरांत एखादें मूल उशिरां बोलूं लागलें, शाळेंत मागें पडलें, कीं प्रथम बोट आईकडे वळतें. तिचें गर्भारपणांतलें खाणेंपिणें, तिचें दुर्लक्ष, सर्वांची झडती होते. अशा मांद्याच्या एका प्रकाराचें मूळ शास्त्रज्ञांस मेंदूंत कोठें सांपडलें, तें या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पेशी प्रथिनें घडवितात तीं आर्‌एन्‌ए नामक द्रव्यानें आणलेल्या निरोपाप्रमाणें. परंतु सुमारें २२ घटकांच्या कांहीं चिमुकल्या आर्‌एन्‌ए-रेणूंत असा निरोपच नसतो. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९९३ मध्यें मिलिमीटरभर लांबीच्या कृमींत त्यांचें कार्य उघडकीस आणलें. २०२४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. निरोप अडविणें हें या रेणूंचें काम. मात्र तें एकट्याच्यानें होत नाहीं. आर्गोनॉट नामक प्रथिनाच्या आधारानेंच रेणु जुळता निरोप हुडकतो. ओळख रेणूची, अटकाव प्रथिनाचा.

मेंदूंत या जोडीस एफ्‌. एम्‌. आर्‌. पी. या आणखी एका प्रथिनाची साथ असते. दोन मज्जापेशी जेथें भिडतात तेथें, कांहीं शिकतांना, नवीं प्रथिनें जागच्या जागीं घडतात. त्या घडणीस हें प्रथिन लगाम घालतें. असे कांहीं लहान रेणु त्याच्याशीं संलग्न राहून जोडणीच्या सूक्ष्म अंकुरांना आकार देतात, असें २०१० सालीं उंदरांच्या मज्जापेशींवरील प्रयोगांत दिसून आलें.

या प्रथिनाचें जनुक १९९१ मध्यें एक्स गुणसूत्रावर सांपडलें. त्यांतील तीन अक्षरांची पुनरुक्ति २०० च्या वर गेली कीं जनुक बहुधा मुकें होतें, प्रथिन घडत नाहीं, अंकुर लांबट व अपक्व राहतात. हाच ‘फ्रॅजाइल एक्स’ विकार. मुलग्यांस एक्स एकच, म्हणून त्यांस तो अधिक बाधतो.

पुनरुक्ति ५५ ते २०० असलेला पुरुष बुद्धीनें बहुधा इतरांसारखाच असतो. त्याचा वारसा त्याच्या प्रत्येक मुलीस मिळतो, आणि तिच्या अपत्यांत ती संख्या वाढूं शकते. म्हणजे ज्या मुलासाठीं सुनेस बोल लागतो, त्याच्या विकाराचें मूळ तिच्या विद्वान वडिलांतहि असूं शकतें. आणि त्यांचा तरी अपराध कोणता?

प्रत्येक मंद मुलाचें कारण हेंच नव्हे. परंतु रक्ताच्या तपासणीनें तें कळतें, आणि पूर्ण उपाय नसला तरी वाणी व शिक्षण यांचें साहाय्य वेळेवर मिळाल्यास मुलाचा पुष्कळ लाभ होतो. वडीलधाऱ्यांनीं दोषारोपाऐवजीं तपासणीचा आग्रह धरावा, इतकीच आमची विनंति.